कायद्याच्या जाळ्यातून निसटलेले मासे

नगरच्या सावेडीत किंवा संगमनेर-श्रीरामपुरातील एखाद्या सोसायटीत, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पिंजरा टांगून त्यात पोपट ठेवणाऱ्या गृहस्थाला वनखात्याचा कर्मचारी गाठू शकतो आणि त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. आजोबांच्या काळापासून ‘विठू विठू’ करीत घरात वावरणारा हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे आणि बाळगणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही होऊ शकतात. त्याच दिवाणखान्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात चार फुटी काचेची टाकी असेल आणि तीत मुळेच्या डोहातून पहिल्या पुरात पकडून आणलेली मरळीची पाच-सहा पिल्ले असतील, तर तोच कर्मचारी ती कौतुकाने न्याहाळील, चहा घेईल आणि निघून जाईल. त्यात त्याची काही चूक नाही. ज्या कायद्याची अंमलबजावणी करण्यासाठी त्याची नेमणूक झाली, त्या कायद्याला ती पिल्ले दिसतच नाहीत.

ही विसंगती वरवर किरकोळ वाटते. देशापुढे एवढे प्रश्न असताना चार मुलांनी चार मासे काचेत ठेवले तर काय बिघडले, असे कोणीही विचारील. परंतु आपल्या नद्यांशी आपले नाते काय, त्या नद्यांतील जीवांवर मालकी कोणाची आणि राखण कोणाची, हा प्रश्न या टाकीपाशी येऊन थांबतो. त्याचे उत्तर ना वनखात्यापाशी आहे, ना मत्स्यव्यवसाय विभागापाशी.

मृगाचा पाऊस अकोले तालुक्यात कोसळू लागला की ओढ्यांना पाणी येते आणि धरणातले, डोहातले मासे उलट्या प्रवाहाने वर निघतात. भाताच्या खाचरापर्यंत पोहोचणाऱ्या या चढणीच्या माशांची वाट डांगाणातील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे वर्षभर पाहतात. टोपली, जाळे, नुसते हात, जे मिळेल ते घेऊन लोक बांधावर उतरतात. हे दृश्य पिढ्यान्पिढ्यांचे आहे आणि त्यात काही गैर नाही. अलीकडे त्यात एक नवी गोष्ट मिसळली आहे. शहरातून मोटारसायकलवर आलेली मुले प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून त्यात जिवंत पिल्ले नेतात. त्यांना ते मासे खायचे नसतात, पाळायचे असतात. मुरीची चित्रविचित्र पट्ट्यांची अंगकाठी, शिंगट्याच्या मिशा, वामेचे सापासारखे वळणे, मरळीच्या पिल्लांचा लालभडक थवा, हे सारे खरोखरच मोहक आहे. परदेशी सोनमाशापेक्षा आपल्या नदीतला मासा घरात असावा असे एखाद्या मुलाला वाटले, तर त्याच्या जिज्ञासेचे कौतुकच केले पाहिजे. दूरचित्रवाणीसमोर बसून राहण्यापेक्षा हा छंद शतपटीने चांगला.

अडचण माशाच्या वाढीत आहे. इंग्रज अमदानीत गळाने मासे पकडण्याचा शौक करणाऱ्या साहेबांनी ज्यांना ‘गेम फिश’, म्हणजे शिकारीचे मासे, असे नाव दिले, ते गळाला लागल्यावर झुंज देणारे, प्रवाहात वाढणारे, दणकट मासे होत. आपल्याकडील महाशीर, मरळ, शिवडा ही त्यांची ठळक उदाहरणे. वामही आकाराने त्यांच्याच पंक्तीला बसते. बोटाएवढे पिल्लू टाकीत शोभते. दोन वर्षांत ते हातभर होते. शिवडा आणि मोठ्या जातीची मरळ या दोन्ही तीन फुटांची मर्यादा सहज ओलांडू शकतात. महाशीरला तर वाहते, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी आणि खालचा गोटा हवा असतो. साचलेल्या पाण्यात यंत्राचे बुडबुडे सोडून त्याची तहान भागत नाही.

ही अडचण आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी ओळखली होती. शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा प्रत्येक घरात मत्स्यावताराच्या निमित्ताने सांगितली जाते. तिचा व्यावहारिक अर्थ मात्र कोणी सांगत नाही. हात धुण्याच्या पाण्यात मनूला चिमुकला मासा सापडतो. ‘माझे रक्षण कर, मोठे मासे लहानांना गिळतात,’ असे तो म्हणतो. मनू त्याला घटात ठेवतो. घट अपुरा पडतो तेव्हा खड्डा खणून त्यात सोडतो. खड्डाही अपुरा पडतो तेव्हा समुद्रात नेऊन सोडतो. मत्स्यपालनाची सारी शिस्त या कथेत आली: संरक्षणासाठी घरात घेणे, वाढीप्रमाणे जागा देणे आणि अखेर त्याचे पाणी त्याला परत करणे. मनूने तो मासा घटातच ठेवला असता तर प्रलयाच्या वेळी नौका कोणी ओढली असती?

आता कायद्याकडे वळू. १८९७ साली ब्रिटिशांनी भारतीय मत्स्य कायदा केला. सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्यास त्याने बंदी घातली. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. त्या काळी २०० रुपये ही जरब होती. राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्राने १९६० सालचा स्वतःचा मत्स्य कायदा केला. त्या परंपरेतील सर्व कायद्यांची दृष्टी एकच आहे: मासा हे उत्पादन आहे, आणि ते घटू नये. म्हणून मोठ्या जलाशयांवरचा मासेमारीचा हक्क ठेक्याने सहकारी संस्थांना दिला जातो. मुळा धरणाच्या ज्ञानेश्वर सागरातून कोणी टाकीसाठी पिल्लू नेले, तर काटेकोरपणे पाहता त्याने ठेकेदार संस्थेचे उत्पादन नेले. त्या माशाचे काय झाले, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. २०२५ साली राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला. मच्छिमार बांधवांना त्याचा लाभ होणार असल्याने तो निर्णय स्वागतार्हच. परंतु त्यामुळे मासा हे पीक आहे, ही धारणा अधिकच घट्ट झाली.

दुसरीकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याच्या मूळ मसुद्यात ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत उभयचर, पक्षी, सस्तन आणि सरपटणारे जीव होते. माशाचे नावही नव्हते. २००१ साली व्हेल शार्क या महाकाय सागरी माशाला अनुसूचीत स्थान मिळाले आणि २००२ च्या दुरुस्तीने माशाला व्याख्येत आणले. म्हणजे वाघ-हरणांच्या पंक्तीत बसायला माशाला तीस वर्षे थांबावे लागले. त्यानंतरही ज्यांना संरक्षण मिळाले त्यांत भर राहिला सागरी जातींवर: शार्क, करवत मासे, समुद्रघोडे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूचींची संपूर्ण फेरमांडणी केली. तरीही मरळ, वाम, शिंगटा हे दख्खनच्या पठारावरील नेहमीचे मासे त्या यादीबाहेरच आहेत. वनखात्याच्या दृष्टीने ते वन्यप्राणी नाहीत. मत्स्यखात्याच्या दृष्टीने ते प्राणी नाहीत, पीक आहेत. या दोन खात्यांच्या फटीतून मासा निसटतो.

या नियमाला आपल्याच जिल्ह्यात एक लक्षणीय अपवाद आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र अकोले तालुक्यात आहे. नाथसागरावरील जायकवाडी पक्षी अभयारण्यही १९८६ चेच आणि त्याचा काही भाग नगर जिल्ह्यात मोडतो. अभयारण्यातून कोणताही ‘वन्यजीव’ परवानगीवाचून नेणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि ‘वन्यजीव’ या शब्दाची व्याख्या ‘वन्यप्राणी’ या शब्दाहून व्यापक आहे. अधिवासाचा भाग असलेला कोणताही प्राणी तीत येतो. म्हणजे रतनवाडी-साम्रदच्या ओढ्यातील मुरी पिशवीत घालून नेणे हा अपराध, आणि तीच मुरी अभयारण्याची सीमा ओलांडून खाली पोहत आली की तिला नेणे हा छंद! माशाला सीमेचा फलक वाचता येत नाही. नेणाऱ्यालाही तो कोणी वाचून दाखवीत नाही.

याहून गमतीचा प्रकार टाकीच्या आतच पाहायला मिळतो. अनेक घरांत माशांच्या सोबतीला ‘शुभ’ म्हणून छोटे कासव ठेवलेले असते. ते आपल्या तळ्यातले मऊ पाठीचे कासव असेल तर ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने वाघाच्या शेजारी बसलेले. ज्या श्रीमंत घरात वास्तुदोष घालवण्यासाठी चिनी फेंगशुईच्या सल्ल्याने आशियाई अरोवाना मासा हजारो रुपये मोजून आणला जातो, तेथेही कायदा पोहोचतो. कारण हा मासा आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार त्याच्या मालकाने सहा महिन्यांत नोंदणी करणे बंधनकारक होते. शेजारच्या देशातील माशाने आपल्या वास्तूची शांती होईल असे मानणाऱ्या मराठी घराची मनोवृत्ती हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण परदेशातल्या माशाची नोंद ठेवणाऱ्या कायद्याला गोदा-प्रवरा-भीमेतल्या माशाची खबर नसावी, हे मात्र खटकते.

मध्यंतरी, मे २०१७ मध्ये, केंद्र शासनाने घरगुती आणि दुकानातील मत्स्यालयांसाठी प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली नियमावली काढली होती. गोल काचेच्या भांड्यात मासा ठेवण्यास तीत मनाई होती आणि १५८ जातींची विक्री बंद केली होती. या जातींतही बहुसंख्य सागरी. दुकानदारांनी आणि पैदासकारांनी आरडाओरडा केला, आणि पुढे ती नियमावली मागे घेतली गेली. नियम करताना नदीकाठच्या मच्छिमाराला, लहान पैदासकाराला, मत्स्यशास्त्राच्या प्राध्यापकाला कोणी विचारले नव्हते. मागे घेतानाही कोणी विचारले नाही.

हे सारे पाहून काहींना वाटेल की भारतीय समाजाला माशाच्या रक्षणाची दृष्टीच नव्हती आणि ती आता पाश्चात्त्यांकडून घ्यावी लागणार. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्षाच्या प्रकरणात सरोवरे, नद्या, तलाव आणि कालवे यांतील मासे संरक्षणीय जीवांच्या यादीत आहेत. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांत काही मासे नावाने सांगितले आहेत आणि चातुर्मास्याच्या पौर्णिमेसारख्या ठरावीक दिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत असा आदेश आहे. कल्याणीचा चालुक्य नृपती सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरणच आहे. गळाने मासेमारीचे तंत्र, माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य यांचा तपशील त्यात येतो. आपल्या दख्खनच्या राजाने इंग्रज साहेबांच्या कितीतरी आधी ‘शिकारीचा मासा’ अभ्यासला होता.

माशांची शास्त्रीय नावेही याची साक्ष देतात. कर्नल विल्यम साईक्स हा कंपनी सरकारचा संख्याशास्त्रीय अधिकारी. त्याने दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्याने कोळ्यांनी सांगितलेली मराठी नावेच लॅटिन वेषात जगापुढे ठेवली. खुद्री, कोळस, नकटा, गोग्रा, इचका, बोबरी ही आपल्या नदीकाठची नावे आज जगभरच्या संग्रहालयांत लॅटिन रूपात बाटल्यांवर लिहिलेली आहेत. दख्खनी महाशीरचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’ हे त्यांतलेच. साईक्सला तो पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळाला होता. ज्या कोळ्याने त्याला ते नाव सांगितले, त्याचे नाव मात्र कोठेही नाही.

महाशीरला महाराष्ट्रात जे खरे संरक्षण मिळाले, ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक देवळाच्या घाटावर. महाड तालुक्यात वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनीचे म्हणून जे मासे राखले जातात, त्यांना कोणी हात लावत नाही. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात तीच प्रथा. देहूच्या इंद्रायणीतील माशांभोवती वारकऱ्यांची श्रद्धा गुंफलेली. पोलीस नाही, फलक नाही, दंड नाही. तरी नियम मोडला जात नाही. ज्यांचे नाव आता या जिल्ह्याने धारण केले आहे त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी जामखेड तालुक्यातील चौंडीच्या. महेश्वरला नर्मदेच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालण्याची व्यवस्था त्यांनी केली होती, असे लोकपरंपरा सांगते. त्या नर्मदेच्या महाशीरला मध्य प्रदेशाने २०११ साली राज्यमासा म्हणून घोषित केले. महाराष्ट्राने २०२३ साली राज्यमासा निवडला तो पापलेट. किनाऱ्यावरच्या बांधवांसाठी ते योग्यच झाले, पण पठारावरच्या नद्यांना त्यात काही मिळाले नाही.

दुसरे ठिकाण लोणावळ्याचे. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी या मराठी मत्स्यशास्त्रज्ञाने दख्खनी महाशीरच्या प्रजननाचा अभ्यास सत्तरच्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केला आणि टाटांच्या वळवण धरणालगतच्या केंद्रात या माशाची कृत्रिम पैदास सुरू झाली. पुढील दशकांत तेथून लक्षावधी बोटुकली देशभरच्या जलाशयांत गेली. हे काम थोर खरे, पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही बोटुकली कावेरीतही सोडली गेली. तेथे कुबडाचा महाशीर नावाची त्या नदीची स्वतःची जात होती, जगातील मोठ्यांतली एक. पाहुणा महाशीर तेथे फोफावला आणि घरचा महाशीर मागे हटत गेला. २०१८ साली संशोधकांनी त्या कुबडाच्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित केली, तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचला होता. धरणे, विषप्रयोग, वाळूउपसा ही कारणे होतीच. त्यांत सद्हेतूने सोडलेल्या पाहुण्याची भर पडली. ‘भारतीय मासा’ हा शब्द म्हणूनच जपून वापरला पाहिजे. प्रत्येक नदीला तिचा मासा असतो. मुळेतला मासा सीनेत सोडणे आणि परदेशातला मासा मुळेत सोडणे यांत प्रकाराचा फरक फारसा नाही, प्रमाणाचा आहे.

घरच्या टाकीचा धोका येथे उलट दिशेने समोर येतो. नदीतून टाकीत गेलेले दहा मासे ही हानी लहान. टाकीतून नदीत गेलेले दोन मासे ही हानी कधीकधी कायमची असते. टाकी लहान पडू लागली, मुलाची दहावी आली, बदली झाली, की कुटुंब ‘जीव वाचवण्याच्या’ भावनेने मासा तळ्यात सोडून येते. टाकीच्या काचेवरचे शेवाळ खावे म्हणून आणला जाणारा दक्षिण अमेरिकेतील खरबरीत कवचाचा सकर मासा आज उजनीत मच्छिमारांची जाळी फाडतो आहे. उजनीचा फुगवटा आपल्या कर्जत तालुक्याच्या कडेला भिडतो. त्याला ना भाव आहे ना गिऱ्हाईक. त्याच उजनीत मूळची आफ्रिकेची चिलापी आहे, जी १९५२ साली देशात आणली गेली. मांस पुरवण्यासाठी आणलेल्या आफ्रिकन मांगुराची पैदास शासनाने कधीच बंद केली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला त्याबाबत पुन्हा आदेश द्यावे लागले, आणि तरी चोरट्या तळ्यांतून तो निघतच राहिला. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून सरकारी आरोग्य विभाग गप्पी मासे विहिरींत-डबक्यांत सोडतो, तेही दक्षिण अमेरिकेचेच. नागरिकाने परदेशी मासा सोडू नये असे सांगणाऱ्या शासनाने आपल्याच बादलीकडे एकदा पाहावे.

आणि आपली मरळ? तीही परक्या देशात उपद्रवी ठरली आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या कालव्यांत २००० साली मोठी मरळ सापडली. बहुधा कोणी टाकीतली किंवा खाण्यासाठी आणलेली सोडली असावी. २००२ साली मेरीलँड राज्यातील एका तळ्यात तिची चिनी चुलत बहीण निघाली तेव्हा देशभर गदारोळ झाला आणि मरळीच्या साऱ्या कुळाची जिवंत आयात व एका राज्यातून दुसऱ्या राज्यातली वाहतूक अमेरिकेने बंद केली. त्या देशात शिकारीच्या माशांची कायद्यात स्वतंत्र वर्गवारी आहे. कोणता मासा, किती लांबीचा, कोणत्या महिन्यात, किती नग, हे प्रत्येक राज्य ठरवते. गळाचा परवाना म्हणजे तो मासा जिवंत घरी नेऊन टाकीत ठेवण्याचा परवाना नव्हे, असे अनेक राज्यांत स्पष्ट आहे. १९०० सालच्या लेसी कायद्याने एका राज्यात बेकायदा पकडलेला जीव दुसऱ्या राज्यात नेणे हाही गुन्हा ठरला. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे हे नियम निमूटपणे पाळतात, परवान्याचे पैसे भरतात, फूटपट्टीने मासा मोजतात. तीच माणसे सुट्टीत भंडारदऱ्याला आली की भाच्याला पिशवीत पिल्ले भरून देतात. कायदा सांगणारा असला की आपण पाळतो, हा याचा साधा अर्थ.

मात्र आंधळ्या अनुकरणाचाही धोका आहे, आणि त्याचे उदाहरण सह्याद्रीतच घडले. ‘मिस केरळ’ नावाने जगभर विकला जाणारा लाल पट्ट्याचा देखणा मासा केरळ-कर्नाटकच्या घाटांतून पकडून निर्यात होऊ लागला. २००५ ते २०१२ या काळात भारतातून निर्यात झालेल्या, धोक्यात असलेल्या जातींच्या पंधरा लाखांहून अधिक माशांत तीन लाखांवर हाच होता. हाहाकार झाल्यावर केरळ शासनाने २००८ मध्ये पकडीवर हंगामी बंदी घातली ती जून, जुलै आणि ऑक्टोबरची. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की या माशाचा विणीचा काळ ऑक्टोबर ते मार्च असा आहे. म्हणजे बंदीतले दोन महिने चुकीचे आणि विणीचे पाच महिने मोकळे. ज्या शास्त्रज्ञांनी त्याला २०१३ साली ‘सह्याद्रिया’ हे कुळनाम दिले, त्यांनीच ही चूक उघड केली.

म्हणून ‘सगळे मासे अनुसूचीत टाका’ ही मागणी घातक ठरेल. तसे झाले तर पहिला गुन्हा नोंदवला जाईल तो चढणीच्या माशाला टोपली लावणाऱ्या ठाकर बाईवर, आणि दुसरा शाळेतल्या मुलावर. नदी मारणारे मात्र मोकळे राहतील. साखरेच्या या जिल्ह्यात मळीचे पाणी ओढ्यात उतरते तेव्हा एका रात्रीत जितके मासे उलटे होतात, तितके साऱ्या जिल्ह्याच्या टाक्यांत मिळून मावणार नाहीत. वाळूउपशाने गोट्यांचा तळ नाहीसा होतो, तिथे अंडी घालणारा मासा कोणत्याही अनुसूचीत असला तरी परत येत नाही. भोई आणि कोळी समाजाला नदीची जितकी जाण आहे तितकी मंत्रालयातील एकाही मेजाला नाही. त्यांना आरोपी करणारा कायदा नदीचा उरलासुरला राखणदारही गमावून बसेल.

खाण्यासाठी पकडणे, छंदासाठी एखाद-दुसरा ठेवणे आणि विक्रीसाठी पिल्ले गोळा करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायद्याने प्रथम मान्य करावे. पहिलीत परंपरा आहे, दुसरीत कुतूहल. तिसरी हा धंदा आहे आणि बंधन तेथे हवे. मरळीची जोडी आपल्या पिल्लांच्या थव्याची राखण करते. वर येणारा तो लाल थवा जाळ्यात उचलणारा व्यापारी एका झटक्यात अख्खी वीण नेतो. विणीच्या महिन्यांत पिल्लांची विक्री बंद असावी आणि ते महिने नदीनिहाय, जातनिहाय, स्थानिक मच्छिमार आणि महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी मिळून ठरवावेत. दुकानात देशी मासा असेल तर तो पैदास केंद्रातला आहे याची पावती असावी. परदेशी मासा सोडण्याची वेळ आलेल्या कुटुंबाला तो परत घेणारे दुकान किंवा केंद्र असावे. आज त्याच्यापुढे तळे आणि गटार हे दोनच मार्ग आहेत. मोठ्या वाढीच्या माशांबाबत विक्रेत्याने त्यांची अंतिम लांबी टाकीवर लिहावी. एवढ्या एका पाटीने अर्ध्या खरेद्या थांबतील.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही फारसे कारण नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. आपल्या हद्दीतून व्यापारी हेतूने जैविक साधनसंपत्ती गोळा करणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार या समितीला आहे आणि लोकांनी स्वतः तयार केलेली जैवविविधता नोंदवही ठेवण्याचे कर्तव्यही. माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीची कल्पना मांडली ती गावकऱ्याचे ज्ञान कागदावर यावे म्हणून. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी नोंदवही म्हणजे कोणा संस्थेने भरून दिलेला छापील तक्ता झाला, ज्यात ‘मासे’ या रकान्यापुढे रोहू, कटला एवढीच नावे असतात. आणि ते दोन्ही तर बाहेरून आणून सोडलेले! प्रवरेच्या काठच्या ग्रामपंचायतींनी, मुळेच्या काठच्या राहुरी तालुक्यातील गावांनी, टोक्याच्या संगमावरच्या वस्तीने आपल्या समितीची पुढची बैठक एखाद्या वृद्ध भोयाच्या ओट्यावर घ्यावी. कोणता मासा पूर्वी कोणत्या डोहात असे, कधी वर चढे, कोणत्या वर्षापासून दिसेनासा झाला, हे त्याला विचारावे आणि साईक्सने केले तसे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. या खेपेस सांगणाऱ्याचे नावही लिहावे.